उबुंटू २२.०४ वर बांधलेला प्रोग्राम जुन्या मशीनवर उठत नाही: 'ग्लिबसी_२.३४ नॉट फाउंड'

हिंगणा_रोड

नमस्कार मंडळी.

धरमकाट्याचा प्रोग्राम आहे. भाषा सी++१७, बिल्डसाठी सीमेक. सिरीयल पोर्टवरून इंडिकेटरचं वजन वाचतो, कॅमेऱ्याच्या एसडीकेमधून (कॅमेरा कंपनीने दिलेली लायब्ररी) नंबरप्लेटचा फोटो घेतो आणि पावती एचटीटीपीएसवरून सर्व्हरला पाठवतो. बिल्ड उबुंटू २२.०४ वर, जीसीसी ११ या कंपायलरने.

टाकायचा आहे तो या मशीनवर: कळमना मार्केटला दोन उबुंटू २०.०४, बुटीबोरीला एक डेबियन १०, कळमेश्वरला एक रॉकी लिनक्स ८ आणि मिहानला एक उबुंटू २२.०४. मिहानला चालतो. बाकी चारही मशीनवर सुरू होण्याआधीच पडतो:

./काटा: लिबसी.एसओ.६: व्हर्जन 'ग्लिबसी_२.३४' नॉट फाउंड, रिक्वायर्ड बाय ./काटा
./काटा: लिबस्टडसी++.एसओ.६: व्हर्जन 'ग्लिबसीएक्सएक्स_३.४.३०' नॉट फाउंड, रिक्वायर्ड बाय ./काटा

२२.०४ वरच जी++-९ टाकून पुन्हा बिल्ड केलं, कारण २०.०४ चा कंपायलर ९ आहे. पहिली ओळ तशीच आली. मग दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. कंपायलर जुना केला तरी २.३४ काहून मागून राहिला? आणि ३.४.३० तर जीसीसी १२ चं आहे म्हणतात, माझ्याकडे १२ नाहीच, मग ते आलं कुठून?

ग्राहकांच्या मशीनवरची ओएस बदलता येणार नाही. आंबिया बहाराच्या संत्र्यांची आवक सुरू झाली की कळमन्याचा काटा तासभरही बंद ठेवता येत नाही. सगळीकडे इंटरनेट नीट नाही, पेनड्राइव्हनेच पॅकेज न्यावं लागतं.

---

धंतोली_शेल

भाऊ, दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. कंपायलर कोणता, याने हे ठरत नाही. लिंक करताना मशीनवर कोणती ग्लिबसी (सी ची मूळ लायब्ररी, फाइल लिबसी.एसओ.६) आणि कोणती लिबस्टडसी++ (सी++ ची) होती, याने ठरतं.

ग्लिबसीमधल्या प्रत्येक फंक्शनच्या नावाला व्हर्जनचं शेपूट असतं. एकाच नावाची दोन-तीन रूपं एकाच फाइलमध्ये नांदतात: जुन्या प्रोग्रामसाठी जुनं, नव्यासाठी नवं. त्यातलं एक 'डीफॉल्ट' असतं. लिंकर नेहमी डीफॉल्ट उचलतो आणि त्याचा शिक्का तुमच्या बायनरीवर बसतो. म्हणून जुन्या ग्लिबसीवर बांधलेला प्रोग्राम नव्यावर चालतो. उलटं होत नाही.

आता २.३४ चंच बघा. ऑगस्ट २०२१ च्या त्या आवृत्तीत लिबपीथ्रेड, लिबडीएल, लिबआरटी यांतली फंक्शनं थेट लिबसी.एसओ.६ मध्ये आणली गेली. त्याच वेळी __लिबसी_स्टार्ट_मेन या फंक्शनलाही २.३४ चं नवीन रूप मिळालं. मेन सुरू होण्याआधी हेच फंक्शन बोलावलं जातं, म्हणजे ते नसलेला प्रोग्रामच नाही. २.३४ किंवा पुढच्या ग्लिबसीवर लिंक केलेला रिकामा 'हॅलो'सुद्धा २.३४ मागतो. उबुंटू २२.०४ ची ग्लिबसी २.३५ आहे. तिथे जी++-९ टाका की जी++-७, स्टार्टअपची ऑब्जेक्ट फाइल सीआरटी१.ओ ग्लिबसीच्या डेव्ह पॅकेजमधूनच येते, कंपायलरच्या पॅकेजमधून नाही.

ग्लिबसीएक्सएक्स हा लिबस्टडसी++ चा शिक्का. त्यातल्या ३.४.३० चा उलगडाही असाच. उबुंटू २२.०४ चा डीफॉल्ट कंपायलर ११ असला तरी तिथलं लिबस्टडसी++६ हे पॅकेज जीसीसी १२ च्या सोर्समधून बनतं. जी++-११ च्या फोल्डरमधली लिबस्टडसी++.एसओ ही त्याच सिस्टमच्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक आहे. तुमच्या कोडमध्ये कुठेतरी कंडिशन_व्हेरिएबलचं वेट असणार, त्याचं डीफॉल्ट रूप ३.४.३० आहे.

स्वतः बघा:

ऑब्जडंप -टी काटा | ग्रेप ग्लिबसी

यातला टी कॅपिटल हवा, छोट्या टीने दुसरंच टेबल येतं. अशा ओळी दिसतील:

*अंड*  ग्लिबसी_२.३४  __लिबसी_स्टार्ट_मेन
*अंड*  ग्लिबसी_२.३४  पीथ्रेड_क्रिएट
*अंड*  ग्लिबसी_२.३३  स्टॅट
*अंड*  ग्लिबसी_२.२९  पॉव
*अंड*  ग्लिबसी_२.२.५  रीड

'अंड' म्हणजे अनडिफाइन्ड, बाहेरून यायचं आहे. सी++ ची नावं गुंतागुंतीची दिसतात, त्यासाठी पुढे सी++फिल्टला पाइप करा. तिथे बहुधा __थ्रो_बॅड_अरे_न्यू_लेंथ हेही दिसेल, ३.४.२९ च्या शिक्क्यासह. ते जीसीसी ११ चं, आणि साधा व्हेक्टर वापरला तरी येतं.

तुमच्या मशीनचा हिशोब:

उबुंटू २०.०४: ग्लिबसी २.३१, लिबस्टडसी++ ३.४.२८ पर्यंत
डेबियन १०: ग्लिबसी २.२८, ३.४.२५ पर्यंत
रॉकी ८: ग्लिबसी २.२८, ३.४.२५ पर्यंत
उबुंटू २२.०४: ग्लिबसी २.३५, ३.४.३० पर्यंत

म्हणजे तुमची मर्यादा २.२८ आणि ३.४.२५. बायनरी या दोन आकड्यांच्या आत बसली की पाचही मशीनवर उठेल.

---

फुटाळा_६४

वरचं निदान बरोबर आहे. आता करायचं काय ते सांगते.

सगळ्यात जुन्या ग्लिबसीच्या कंटेनरमध्ये (त्याच मशीनवर चालणारा वेगळ्या लिनक्सचा कप्पा) बिल्ड करा. डेबियन १० ची इमेज (कंटेनरचा साचा) घेण्याचा मोह होईल, पण तिथला कंपायलर जीसीसी ८. सी++१७ चा बराच भाग त्यात प्रायोगिक अवस्थेत आहे, फाइलसिस्टम वापरायचं तर लिबस्टडसी++एफएस वेगळं जोडावं लागतं. शिवाय डेबियन १० चा एलटीएस (लांब मुदतीचा आधार) जून २०२४ मध्ये संपला, पॅकेजं आर्काइव्हच्या सर्व्हरवरून आणावी लागतात.

त्यापेक्षा अल्मालिनक्स ८ घ्या. ग्लिबसी तीच २.२८, सुरक्षा अपडेट २०२९ पर्यंत आहेत, आणि मुख्य म्हणजे तिथे जीसीसी-टूलसेट (नव्या कंपायलरचा संच) मिळतो. २२.०४ वर पॉडमन (कंटेनर चालवणारा प्रोग्राम) असला की पुरे:

पॉडमन रन --आरएम -इट -व्ही $पीडब्ल्यूडी:/सोर्स अल्मालिनक्स:८ बॅश

आत गेल्यावर:

डीएनएफ इन्स्टॉल जीसीसी-टूलसेट-१३ सीमेक मेक
सोर्स /ऑप्ट/आरएच/जीसीसी-टूलसेट-१३/एनेबल
सीमेक -एस /सोर्स -बी /टीएमपी/बिल्ड

पहिल्या ओळीतला व्ही छोटा, शेवटच्या ओळीत एस आणि बी कॅपिटल.

कंपायलर १३ चा आणि लिबस्टडसी++ जीसीसी ८ ची, हे जमतं कसं? टूलसेटमधली लिबस्टडसी++.एसओ ही खरी लायब्ररी नाही, चार ओळींची लिंकर स्क्रिप्ट आहे. ती लिंकरला सांगते की सिस्टमच्या जुन्या लायब्ररीत जे सापडेल ते तिथून घे, जे नसेल ते लिबस्टडसी++_नॉनशेअर्ड.ए मधून बायनरीतच भर. त्यामुळे नवीन फंक्शनं तुमच्या फाइलमध्ये येतात आणि बाहेरची मागणी ३.४.२५ च्या वर जात नाही. डेबियन १० चीही मर्यादा तीच, म्हणून तिथेही चालतं. हे फार विचार करून केलेलं काम आहे, त्याचा फायदा घ्या.

यात लोक अडकतात ती जागा म्हणजे जुनं बिल्ड फोल्डर. सोर्सच्या आतच बिल्ड फोल्डर असेल आणि त्यात आधीचं सीमेककॅश पडलं असेल, तर कंटेनरमध्येही जुन्याच पाथचा आग्रह धरला जातो. म्हणून वर /टीएमपी/बिल्ड दिलंय. दुसरं, बाहेरून आणलेल्या .ए फाइल, म्हणजे प्रोग्राममध्येच भरल्या जाणाऱ्या स्टॅटिक लायब्ररी. त्यांच्यावर व्हर्जनचा शिक्का नसतो, पण आत नवीन हेडरचे परिणाम असतात. उबुंटू २४.०४ वर बांधलेली .ए इथे जोडली तर __आयएसओसी२३_स्ट्रटोल सापडत नाही म्हणून लिंक फसेल. जे स्टॅटिक जोडता ते सगळं याच कंटेनरमध्ये पुन्हा बांधा.

बिल्ड झाल्यावर हाताने बघत बसू नका, स्क्रिप्टलाच तपासू द्या. ऑब्जडंपच्या आउटपुटमधून ग्लिबसीचे आकडे काढा, सॉर्ट -व्ही लावा, शेवटची ओळ घ्या, २.२८ पेक्षा मोठी असेल तर बिल्ड फेल. सॉर्टला व्ही कॅपिटलच हवा. साधा सॉर्ट अक्षरं बघतो, त्याला २.४ हा २.२८ पेक्षा मोठा वाटतो, आणि मग तपासणी खुशाल चुकीचा निकाल देते.

---

व्हेरायटी_चौक

-स्टॅटिक लावून एकच फाइल केली तर हे सगळं टळेल ना? फाइल मोठी झाली तरी काय फरक पडतो?

---

धंतोली_शेल

लिबस्टडसी++ पुरतं स्टॅटिक ठीक आहे: -स्टॅटिक-लिबस्टडसी++ आणि -स्टॅटिक-लिबजीसीसी. पण ग्लिबसी पूर्ण स्टॅटिक करू नका. या प्रोग्रामला सर्व्हरचं नाव शोधावं लागतं, म्हणजे गेटअ‍ॅड्रइन्फो आलं. ते आतून एनएसएसचे (नावं शोधणारी यंत्रणा) प्लगइन चालू मशीनवरून उचलतं आणि ते प्लगइन बांधले त्याच ग्लिबसीचे असावे लागतात. लिंकर तशी सूचना देतो, ती दुर्लक्षून पुढे गेलात तर एका मशीनवर डीएनएस चालतं, दुसऱ्यावर प्रोग्राम सेगफॉल्ट होतो. चालताना लायब्ररी उघडणाऱ्या डीएलओपनचंही तेच दुखणं. शिवाय कॅमेऱ्याचा एसडीके .एसओ, म्हणजे चालताना जोडली जाणारी लायब्ररी आहे, पूर्ण स्टॅटिकमध्ये तो जोडताच येणार नाही.

परवान्याचं म्हणाल तर ग्लिबसी एलजीपीएल आहे. ती स्टॅटिक जोडून बंद सोर्सचा प्रोग्राम वाटायचा असेल तर ग्राहकाला पुन्हा लिंक करता येईल अशा ऑब्जेक्ट फाइल द्याव्या लागतात. लिबस्टडसी++ ला रनटाइम लायब्ररीची सूट आहे, तिथे ही अट नाही.

---

हिंगणा_रोड

अल्मा ८ मध्ये बिल्ड झाला. ऑब्जडंपमध्ये सगळ्यात मोठा आकडा २.२८ येऊन राहिला, ग्लिबसीएक्सएक्स ३.४.२२ वरच थांबला. कळमना, बुटीबोरी, कळमेश्वर तिन्हीकडे वजन वाचतो, पावती जाते.

दोन अडचणी नवीन आल्या. मिहानच्या २२.०४ वर आता उठत नाही: 'लिबएसएसएल.एसओ.१.१: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल'. आधी तिथेच चालत होता.

आणि कॅमेऱ्याचा एसडीके मी सध्या बंद ठेवून बिल्ड केलंय. तो जोडला की लिंकर म्हणतो 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू कॅमेरा::ओपन', तेही .एसओ मध्ये ते फंक्शन दिसत असताना. आधी २२.०४ वर एसडीकेची दुसरी, नवी फाइल वापरत होतो. ती २.३१ मागते, म्हणून कंपनीची जुन्या सिस्टमसाठीची फाइल घेतली.

---

फुटाळा_६४

आधी लिबएसएसएलचं बोलू.

ग्लिबसी एकाच नावाखाली, लिबसी.एसओ.६, जुनं सगळं सांभाळते. लिबस्टडसी++.एसओ.६ हे नावही जीसीसी ३.४ पासून, म्हणजे २००४ पासून तेच आहे. लिबएसएसएल ज्यातली, त्या ओपनएसएसएलने (एचटीटीपीएससाठीची लायब्ररी) तसा शब्द दिलेला नाही. १.१ ते ३ होताना एसओ-नेम (लोडर ज्या नावाने लायब्ररी शोधतो ते) बदललं, लिबएसएसएल.एसओ.१.१ ची लिबएसएसएल.एसओ.३ झाली. २०.०४, डेबियन १० आणि रॉकी ८ वर १.१.१ आहे. २२.०४ वर फक्त ३ आहे. 'जुन्यावर बांधा, नव्यावर चालेल' हा नियम एसओ-नेम टिकवणाऱ्या लायब्ररीपुरताच खरा.

मिहानच्या मशीनवर कुठूनतरी १.१ चं .डेब पॅकेज उतरवून टाकू नका. १.१.१ चा सार्वजनिक आधार ११ सप्टेंबर २०२३ ला संपला, त्यानंतरच्या दुरुस्त्या त्यात येणार नाहीत. लिबएसएसएल.एसओ.३ ला १.१ नावाची लिंक करून देणं तर त्याहून वाईट. व्हर्जनच्या शिक्क्यांवर लोडर अडतोच.

कंटेनरमध्ये ओपनएसएसएलची ३ मालिकेतली एलटीएस आवृत्ती स्वतः बांधा आणि स्टॅटिक जोडा. ३.० चा आधार ७ सप्टेंबर २०२६ पर्यंतच आहे, आज सुरुवात करत असाल तर ३.५ घ्या, ती एप्रिल २०३० पर्यंत आहे. कॉन्फिगला नो-शेअर्ड आणि प्रीफिक्स /ऑप्ट/एसएसएल द्या. अल्मा ८ वर आधी पर्ल-आयपीसी-सीएमडी हे पॅकेज लागतं, नाहीतर कॉन्फिग पहिल्याच पायरीवर थांबतं. बांधून झालं की फाइल /ऑप्ट/एसएसएल/लिब६४ मध्ये मिळतील, लिबमध्ये नाही. सीमेकला ओपनएसएसएल_रूट_डीआयआर आणि ओपनएसएसएल_यूज_स्टॅटिक_लिब्ज दोन्ही सांगा.

हमखास चुकतं ते सर्टिफिकेटचं. स्वतः बांधलेली ओपनएसएसएल सीए सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख पटवणारी) तिच्या स्वतःच्या प्रीफिक्समध्ये शोधते आणि ते फोल्डर ग्राहकाकडे नसतंच. मग कनेक्शन लागतं पण 'अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट' येतं. अशा वेळी तपासणी बंद करून मोकळं होऊ नका, पावतीत पैशाचा व्यवहार आहे. प्रोग्राम सुरू होताना आधी /ईटीसी/एसएसएल/सर्ट्स/सीए-सर्टिफिकेट्स.सीआरटी आहे का पाहा, ही डेबियन-उबुंटूची जागा. नसेल तर /ईटीसी/पीकेआय/टीएलएस/सर्ट्स/सीए-बंडल.सीआरटी, ही रॉकीची. जी सापडेल ती एसएसएल_सीटीएक्स_लोड_व्हेरिफाय_लोकेशन्सला द्या.

लिंक करताना -डब्ल्यूएल,--एक्सक्लूड-लिब्ज,ऑल हेही लावा. एसडीकेच्या .एसओ ला सिस्टमची लिबएसएसएल लागत असेल, तर तुमच्यातली फंक्शनं चुकून त्याच्या हाती लागू नयेत म्हणून.

स्टॅटिक घेतलंत की पुढची प्रत्येक सुरक्षा दुरुस्ती तुमच्या अंगावर आली. ओपनएसएसएलची नवी उपआवृत्ती निघाली की पुन्हा बिल्ड, पुन्हा पेनड्राइव्ह. ही जबाबदारी कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा.

---

धंतोली_शेल

एसडीकेचं मी सांगतो. ही २०१५ च्या जीसीसी ५ ची गोष्ट आहे.

सी++११ च्या नियमांसाठी स्ट्रिंग आणि लिस्ट यांची आतली रचना बदलावी लागली. लायब्ररीने दोन्ही रूपं ठेवली, नव्याला __सीएक्सएक्स११ असं वेगळं नाव दिलं. फंक्शनच्या पॅरामीटरमध्ये स्ट्रिंग असेल तर ते नाव फंक्शनच्या नावात मिसळतं. दोन्ही बाजू अशा तपासा:

एनएम -डी -सी लिबकॅमेरा.एसओ | ग्रेप ओपन

इथे डी आणि सी दोन्ही कॅपिटल. एसडीकेमध्ये साधं एसटीडी::स्ट्रिंग किंवा बेसिक_स्ट्रिंग दिसेल, आणि तुमच्या लिंकरच्या तक्रारीत एसटीडी::__सीएक्सएक्स११::बेसिक_स्ट्रिंग. म्हणजे कंपनीने ती फाइल जुन्या रूपाने बांधली आहे. सेंटओएस ७ वर बांधली असेल तर नक्कीच, कारण तिथला कंपायलर ४.८.५, आणि त्यावरचा डेव्हटूलसेटसुद्धा जुनंच रूप वापरतो.

उपाय म्हणून सगळीकडे सापडतो तो _ग्लिबसीएक्सएक्स_यूज_सीएक्सएक्स११_एबीआय=० हा मॅक्रो. एबीआय म्हणजे कंपाइल झालेल्या कोडमधली रचना, आणि ० म्हणजे जुनं रूप. तो पूर्ण प्रोग्रामला लावू नका. लावला की जोडलेल्या प्रत्येक सी++ लायब्ररीला तोच लावावा लागतो, आणि एखादी सुटली की हीच तक्रार दुसऱ्या नावाने येते.

मी इथे मधे भिंत घालायला सांगेन. कॅम_पूल.सीपीपी अशी एक छोटी फाइल करा. तिच्यातल्या फंक्शनांना एक्स्टर्न 'सी', पॅरामीटर फक्त कॉन्स्ट कॅर पॉइंटर, इंट आणि बफर. स्ट्रिंग, व्हेक्टर काहीही सीमेपलीकडे जाऊ द्यायचं नाही. एवढीच फाइल एबीआय=० ने कंपाइल करून लिबकॅमपूल.एसओ बनवा आणि एसडीके तिलाच जोडा. मुख्य प्रोग्राम नव्या रूपातच राहील, त्याला फक्त सी ची चार फंक्शनं दिसतील.

एक्सेप्शनही पुलाच्या आतच पकडा आणि एरर कोड परत द्या. आयओएस_बेस::फेल्युअर या एक्सेप्शनचीही दोन रूपं आहेत. पलीकडून फेकलेलं अलीकडच्या कॅचला लागेलच असं नाही, आणि निसटलं की प्रोग्राम टर्मिनेट होतो. ही चूक चाचणीत दिसत नाही, कॅमेऱ्याची वायर निघाली त्या दिवशी दिसते.

---

व्हेरायटी_चौक

लिबकॅमपूल आणि एसडीकेच्या फाइल प्रोग्रामसोबतच द्याव्या लागतील. त्यासाठी /ईटीसी/प्रोफाइलमध्ये एलडी_लायब्ररी_पाथ टाकला तर चालेल ना? आणि तसंच असेल तर नवीन लिबसी.एसओ.६ पण त्याच फोल्डरमध्ये ठेवून दिली तर मुळातला प्रश्नच मिटला असता की.

---

फुटाळा_६४

दोन्ही नको, आणि दुसरं तर अजिबात नको.

लिबसी.एसओ.६ एकटी नसते. प्रोग्राम उचलणारा लोडर, एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२, आणि ती यांची जोडी एकाच बिल्डची असावी लागते. लोडरचा पाथ बायनरीत पक्का कोरलेला असतो, तो एलडी_लायब्ररी_पाथने बदलत नाही. जुना लोडर आणि नवी लिबसी एकत्र आले की त्या शेलमधून एलएस, सीपी, एमव्ही काहीही चालवा, सिम्बॉल लुकअप एरर. हाच पाथ /ईटीसी/प्रोफाइलमध्ये असेल तर लॉगइन करणाऱ्या प्रत्येकाची तीच गत.

सिस्टमची फाइलच कुणी झाकून टाकली असेल तर उघडं असलेलं रूटचं टर्मिनल बंद करू नका. त्यातलं बॅश आधीच मेमरीत आहे, सीडी आणि इको चालतात. उबुंटू २०.०४ वर लिबसी.एसओ.६ ही लिबसी-२.३१.एसओ कडे जाणारी लिंक असते. खरी फाइल शाबूत असेल आणि स्टॅटिक बिझीबॉक्स असेल, तर बिझीबॉक्स एलएन -एसएफ ने लिंक पुन्हा जोडता येते. २.३४ पासून लिबसी.एसओ.६ हीच खरी फाइल आहे, तिथे ती झाकली गेली की लाइव्ह यूएसबीने बूट करून परत ठेवण्यावाचून मार्ग नाही.

सोबतच्या फाइलसाठी रनपाथ वापरा, म्हणजे लायब्ररी कुठे शोधायची ते बायनरीतच लिहिलेला पाथ. रचना अशी ठेवा: /ऑप्ट/काटा/बिन मध्ये प्रोग्राम, /ऑप्ट/काटा/लिब मध्ये .एसओ. बायनरीत रनपाथ $ओरिजिन/../लिब. $ओरिजिन म्हणजे ती फाइल स्वतः जिथे आहे ते फोल्डर. सीमेकमध्ये इन्स्टॉल_आरपाथ ही प्रॉपर्टी आहे. हाताने द्यायचं तर सिंगल कोटमध्ये, आणि मेकफाइलमध्ये डॉलर दोनदा, नाहीतर शेल त्याला रिकामं करून टाकतं. नंतर पॅचएल्फ --सेट-आरपाथनेही लावता येतो.

रनपाथ वारशाने पुढे जात नाही, हे लक्षात ठेवा. काटा लिबकॅमपूल शोधेल, पण लिबकॅमपूलला लागणारा एसडीके काट्याच्या रनपाथवर शोधला जाणार नाही. लिबकॅमपूल.एसओ आणि एसडीकेची प्रत्येक .एसओ, सगळ्यांवर स्वतंत्रपणे $ओरिजिन लावा. कोण कुठे शोधतंय ते एलडी_डीबग=लिब्ज लावून प्रोग्राम चालवला की ओळीने दिसतं.

त्या फोल्डरमध्ये लिबस्टडसी++.एसओ.६ मात्र ठेवू नका. तुमची जुनी प्रत आधी लोड झाली आणि नंतर ग्राफिक्सच्या ड्रायव्हरला नवी लागली, तर स्क्रीनच उघडत नाही.

---

हिंगणा_रोड

पूल केला, कॅमेरा चालला. ओपनएसएसएल ३.५ स्टॅटिक जोडली, मिहानलाही उठला. आता पॅकेज. .डेब उबुंटू २२.०४ वर केलं, आत अल्माची बायनरी. उबुंटूवर बसतं, बुटीबोरीच्या डेबियन १० वर डीपीकेजी म्हणतं कंट्रोल.टार.झेडएसटी हे अनोळखी कॉम्प्रेशन आहे.

---

धंतोली_शेल

उबुंटूने २१.१० पासून .डेबचं डीफॉल्ट कॉम्प्रेशन झेडस्टँडर्ड केलं. डेबियनच्या डीपीकेजीला ते १२ पासून कळतं, १० आणि ११ ला नाही. बनवताना सांगा:

डीपीकेजी-डेब --रूट-ओनर-ग्रुप -झेडएक्सझेड --बिल्ड काटा-पॅकेज

कॅपिटल झेड, लगेच छोट्या अक्षरांत एक्सझेड, मधे जागा नाही.

बायनरी अल्मामध्ये बनली असल्यामुळे डीपीकेजी-श्लिबडेप्स (लागणाऱ्या पॅकेजची यादी आपोआप काढणारं) इथे भरवशाचं नाही. डिपेंड्स हाताने लिहा: लिबसी६ (>= २.२८), लिबस्टडसी++६ (>= ८). एसडीकेला आणखी काही लागतं का ते ऑब्जडंप -पी मध्ये 'नीडेड' च्या ओळींत पाहा, पी छोटा. ही ओळ नसेल तर चुकीच्या मशीनवर पॅकेज निमूटपणे बसतं आणि प्रोग्राम सुरू करताना पडतो. ओळ असेल तर बसतानाच अडतं, आणि पेनड्राइव्ह घेऊन गेलेल्या माणसाला कारण तिथेच वाचता येतं. रॉकीच्या आरपीएम पॅकेजला हे काम करावं लागत नाही, आरपीएमबिल्ड बायनरी वाचून लिबसी.एसओ.६ चे शिक्के स्वतःच नोंदवतं. ते अल्माच्या कंटेनरमध्येच करा.

न्यायच्या आधी डेबियन:१०, उबुंटू:२०.०४, उबुंटू:२२.०४ आणि रॉकीलिनक्स:८ या चारही इमेजमध्ये पॅकेज बसवून काटा --व्हर्जन चालवा. एलडीडी (लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी कमांड) विकासाच्या मशीनवर चालवून काही कळत नाही, तिथे सगळं सापडतंच. सिरीयल पोर्ट आणि कॅमेरा मात्र खऱ्या मशीनवरच तपासावे लागतील.

---

व्हेरायटी_चौक

कर्नलचं काय? कळमेश्वरला ४.१८ आहे, बिल्डच्या मशीनवर ५.१५.

---

फुटाळा_६४

त्याने अडत नाही. कंटेनरमध्ये कर्नल बाहेरचाच वापरला जातो, पण बायनरीवर त्याचा शिक्का बसत नाही. हेडर अल्मा ८ चेच लागतात. ४.१८ नंतर आलेला एखादा सिस्टम कॉल तुम्ही स्वतः थेट सिसकॉलने बोलावला तरच ईएनओएसवायएस (असा कॉल नाही) परत येईल.

हिंगणा_रोड भाऊ, विकासाचं मशीन २४.०४ वर नेलंत तरी बिल्डचा कंटेनर अल्मा ८ चाच ठेवा. तिथली ग्लिबसी २.३९ आहे, आणि जी++ स्वतःहून _जीएनयू_सोर्स लावतं, त्यामुळे साधं स्ट्रटोल लिहिलं तरी २.३८ चा शिक्का बसतो. इमेजचा डायजेस्ट (तिची नेमकी ओळख सांगणारा हॅश) बिल्ड स्क्रिप्टमध्ये नोंदवून ठेवा आणि टूलसेट, ओपनएसएसएलसकट तयार केलेली इमेज पॉडमन सेव्हने टार करून बॅकअपला टाका. २०२९ नंतर रेपो हलले तरी बुटीबोरीसाठी बिल्ड करता आलं पाहिजे.